कोळशाच्या खदानी आणि पाहुणे: खापरखेडा पट्ट्याचा इतिहास

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान आणि कोलार या नद्यांच्या आजूबाजूला कोळशाचा एक पट्टा आहे. खापरखेड्याचे औष्णिक वीजकेंद्र, सिल्लेवाडा, वलनी, पिपळा, पाटणसावंगी, सावनेर इथल्या भूमिगत खदानी, भानेगावची उघडी खदान आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या चनकापूरसारख्या कामगार वसाहती मिळून हा पट्टा बनतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि, या कंपनीने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या साथीने २०१६ मध्ये सावनेरची भूमिगत आणि पारशिवनी तालुक्यातील गोंडेगावची उघडी खदान पर्यटकांना दाखवण्याचा उपक्रम हाती घेतला. तोवर बाहेरचा माणूस या भागात येई तो नोकरीसाठी, ट्रक घेऊन किंवा आदाशाच्या गणपतीच्या दर्शनाला. खदान बघायला कोणी हौसेने येईल, ही कल्पना खदानीत तीस-तीस वर्षे घालवलेल्यांना जरा गमतीचीच वाटण्यासारखी होती.

मृत्यू, दुर्घटना किंवा छळाशी जोडलेली ठिकाणे पाहायला जाण्याला पर्यटनशास्त्रात ‘डार्क टुरिझम’ म्हणतात. ग्लासगोचे अभ्यासक जॉन लेनन आणि माल्कम फोली यांनी १९९६ मध्ये हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला शोकस्थळांचे पर्यटन म्हणता येईल. सावनेरच्या उपक्रमाच्या नावात मात्र ‘इको’ आहे. तिथे यंत्रे, उत्पादन आणि खाणीवर उभारलेली बाग यांना पुढचे स्थान मिळते. तरीही भूमिगत कोळसा खाण हे मृत्यूशी जोडलेलेच ठिकाण असते, आणि खापरखेड्याच्या शेजारी तर ते शब्दशः तसे आहे. म्हणूनच या पट्ट्याचा इतिहास शोकस्थळांच्या पर्यटनाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो: अशा जागेला लोक येऊ लागले, तर ज्यांचे माणूस गेले आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती काय पडते?

हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. शोकाच्या जागी ठरलेल्या दिवशी जमण्याची रीत पर्यटन खात्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला हे त्यातले सर्वांत सरकारी उदाहरण. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात इथे लढाई झाली आणि नागपूरच्या भोसल्यांची सत्ता खऱ्या अर्थाने संपली. किल्ला आज लष्कराकडे आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच पाहता येतो. त्या दिवशी रांगा लागतात, आत इंग्रज सैनिकांच्या कबरी दिसतात, आणि चौथ्या दिवशी शहर तो किल्ला पुन्हा विसरते. हरलेल्यांच्या बाजूने सांगायला तिथे फारसे कोणी नसते.

चंद्रपूरला चित्र उलटे आहे. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या तारखेला गोंड समाजाचे लोक तुरुंगातल्या पिंपळापाशी जमतात. यात तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, पर्यटन महामंडळाचा फलकही मध्ये येत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला हेच नागपंचमीला घडते. १९४२ मध्ये नागपंचमी १६ ऑगस्टला आली होती आणि त्या दिवशी पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. गावाला शहीद आष्टी हे नाव त्यातूनच मिळाले. त्याच दिवशी चिमूरही पेटले.

नागपुरातले गोवारी स्मारक हे यातले सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत जड. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली; त्यात बायका आणि मुले फार होती. झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव मिळाले. दरवर्षी २३ नोव्हेंबरला पूर्व विदर्भातल्या खेड्यांतून गोवारी तिथे येतात. त्यातून पैशाचे म्हणावे असे काही फिरत नाही. हारफुले, चहा, फराळ एवढेच. पण अनुसूचित जमातीत गणले जाण्याची जी मागणी त्या मोर्चाने नेली होती ती त्या जागेमुळे जिवंत राहिली, आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती मान्यही केली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. स्मारकाचा समाजाला झालेला उपयोग खिशात मोजायचा नसतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. सीताबर्डी सोडली, तर कोणी मेले याची आठवण ज्यांची माणसे मेली तेच ठेवतात, तारीख तेच ठरवतात आणि गोष्टही तेच सांगतात. कोळशाच्या पट्ट्यात नेमके हेच वेगळ्या दिशेने गेले.

इथला कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपेक्षाही जुना. नागपूर-कामठीच्या परिसरातल्या या खडकांचा पहिला बारकाईचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने केला. तो १८४० च्या दशकात नागपूरला आला, कामठीच्या वालुकाश्मातले वनस्पतींचे जीवाश्म त्याने गोळा केले आणि त्यांचे वर्णन युरोपात पोहोचवले. भूशास्त्रात ‘कामठी’ हे नाव एका खडकस्तराला मिळाले आहे ते याच परिसरामुळे. हिस्लॉपचा शेवटही जुन्या मृतांच्या शोधातच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची महापाषाणयुगीन शिलावर्तुळे, म्हणजे दगडांनी वेढलेली प्राचीन दफने, पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. नागपूरच्या आसपास कबरी पाहायला जाण्याचा नोंदलेला इतिहास असा दीडशे वर्षांहून जुना निघतो.

कोळसा काढण्याची सुरुवात मात्र दक्षिणेकडे झाली. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात चालू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. बल्लारपूरने पुढे तिची जागा घेतली. उत्तरेला, सातपुड्यातल्या छिंदवाड्यात पेंच खोऱ्यातल्या खाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उघडल्या. नागपूर जिल्ह्याची ओळख त्या काळात कोळशापेक्षा मनसर-कांद्रीच्या मॅंगनीजची होती. खापरखेडा नकाशावर ठळक झाले ते स्वातंत्र्यानंतर, जेव्हा पहिल्याच दशकात इथे छोट्या संचांचे वीजकेंद्र उभे राहिले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि या केंद्रातून शहराला वीज मिळे. ते जुने संच पुढे मोडीत निघाले. आज दिसणाऱ्या चिमण्या नंतरच्या आहेत: २१० मेगावॉटचे पहिले दोन संच १९८९ आणि १९९० मध्ये, तसलेच आणखी दोन २००० आणि २००१ मध्ये, आणि ५०० मेगावॉटचा पाचवा २०११ मध्ये. एकूण क्षमता १,३४० मेगावॉट. पलीकडे कोराडीचे केंद्र १९७० च्या दशकापासून आहेच. लागून असलेल्या टापूत दोन महाकेंद्रे आणि त्यांना पोसणाऱ्या खदानी अशी ही जोडणी झाली.

मालकी बदलली ती १९७३ मध्ये. त्या वर्षी बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या आणि १ मेपासून त्या राष्ट्रीयीकृत झाल्या. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया स्थापन झाली आणि नागपूरच्या पश्चिम विभागाची वेस्टर्न कोलफिल्ड्स झाली. खासगी ठेकेदाराकडून सरकारी कंपनीकडे जाणे म्हणजे कायम नोकरी, क्वार्टर आणि दवाखाना. छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी एकाच वसाहतीत राहू लागले. चनकापूर आणि वलनीच्या बाजारात आजही मराठी आणि हिंदी एका वाक्यात नांदतात.

कोल इंडिया होऊन सतराच दिवस झाले होते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नोंदीत १८ नोव्हेंबर १९७५ या तारखेपुढे सिल्लेवाडा हे नाव आहे. मृत्यू १०. कारण: खाणीत पाणी शिरणे.

त्या यादीत नाव यायला दहा माणसे लागतात. दहा किंवा अधिक मृत्यू झाले तर अपघात ‘आपत्ती’ म्हणून गणला जातो. त्याहून कमी असतील तर तो खालच्या वर्गात जातो, आणि छत कोसळून एकटा-दुकटा गेला तर तो वार्षिक आकडेवारीत विरघळतो. सिल्लेवाडा त्या रेषेवर नेमके बसले म्हणून त्याची नोंद सापडते. पट्ट्यातल्या कितीतरी घरांमधले मृत्यू त्या रेषेच्या अलीकडचे आहेत.

भूमिगत खाणीत पाणी दोन वाटांनी येते. एक वाट वरून: नदी, नाला किंवा पावसाचे पाणी भेगेतून, जुन्या तोंडातून किंवा खचलेल्या जमिनीतून खाली उतरते. दुसरी वाट बाजूने, आणि ती जास्त घातक. कोळसा काढून सोडून दिलेल्या जुन्या बोगद्यांत वर्षानुवर्षे पाणी साठत राहते. नवे काम त्या दिशेने सरकत गेले आणि मधली कोळशाची भिंत पातळ झाली, तर पाण्याचा दाब ती फोडतो. मग पाणी वाट पाहत नाही. बोगद्याच्या उतारावर माणसे त्याच्या पुढे धावू शकत नाहीत. जुन्या कामाचा नकाशा चुकीचा असेल किंवा नसेलच, तर भिंत किती जाड उरली आहे हे कोणालाच कळत नाही.

याचा पुरावा शेजारच्या पेंच खोऱ्यात आधीच मिळाला होता. १० डिसेंबर १९५४ रोजी परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मेले. त्या दिवशी ती खाण ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीवाचून जाण्याला बंदी घातली. पुढे जाताना आधी लांब छिद्र पाडून पलीकडे पाणी आहे का हे तपासायचे, अशी रीत ठरली. नियम होता, तरी १९७५ चे ते वर्ष पाण्याचेच ठरले: सिल्लेवाड्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाल्यात ३७५ माणसे बुडाली. चासनाल्याच्या धर्तीवर १९७९ मध्ये ‘काला पत्थर’ हा चित्रपट निघाला आणि ते नाव देशभर गेले. तिथल्या स्मारकापाशी दर २७ डिसेंबरला माणसे जमतात. सिल्लेवाडा त्या मोठ्या आकड्याच्या सावलीत गेले. नागपूरकराला चासनाला ठाऊक असते. घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आतले सिल्लेवाडा ठाऊक असेलच असे नाही.

अपघात हा कोळशाचा एक चेहरा झाला. दुसरा इतका हळू आहे की त्याची तारीख सांगता येत नाही. कोळसा काढल्यावर उरलेल्या पोकळीत पाण्यासोबत वाळू भरण्याची पद्धत आहे, आणि त्यासाठी कन्हानची वाळू वर्षानुवर्षे खाली गेली. जिथे पोकळी नीट भरली जात नाही तिथे वरचे शेत खचते, विहिरीचे पाणी उतरते. उघड्या खदानीला गावच हलवावे लागते. जमीन घेतली जाते ती १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली, आणि कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात साधारणपणे दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. दोन एकरांपेक्षा कमी असलेल्याचे काय, हा वाद पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने केव्हा ना केव्हा ऐकला आहे. वीजकेंद्राकडून येते ती राख. २०२२ मध्ये पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला राख टाकण्यावरून गावकरी उठले आणि पर्यावरणमंत्र्यांना तिथे येऊन ते थांबवावे लागले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व वस्त्यांत शिरले. पाहुण्याला हे सारे दाखवायचे ठरवले तर त्याला खदानीत न्यायचीही गरज नाही. वारेगावच्या राखेच्या तलावाशेजारच्या रस्त्यावर उभे केले तरी पुरे.

या पार्श्वभूमीवर २०१६ चा उपक्रम आला. त्यात पाहण्यासारखे खरेच होते. भूमिगत खदानीत उतरणाऱ्याला हेल्मेट, बूट आणि डोक्यावरचा दिवा मिळतो. विडी-काडी आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू वर ठेवाव्या लागतात. खाली गेल्यावर दिवे विझवून दाखवले की शहरी माणसाला प्रथमच कळते की संपूर्ण अंधार म्हणजे काय. कोळशाचे खांब तसेच ठेवून मधून रस्ते काढण्याची पद्धत, छताला ठोकलेले बोल्ट, हवा खेळती ठेवणारे पंखे, पंपांचा आवाज हे पुस्तकातून समजत नाही. यातल्या बहुतेक गोष्टी म्हणजे जुन्या मृत्यूंची उत्तरे आहेत. दिव्याच्या मागे १८१५ चा डेव्हीचा सुरक्षा-दीप आणि त्याआधी उघड्या ज्योतीने झालेले स्फोट आहेत. कमरेला लावायचा सेल्फ-रेस्क्यूअर हा डबा आग किंवा स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडपासून थोडा वेळ वाचवण्यासाठी असतो. तो कशासाठी, असे पाहुण्याने विचारले, तर खदानीचा दुसरा इतिहास सांगायला तेवढे निमित्त पुरते. सांगणारा तो सांगतो की यंत्राचे नाव सांगून पुढे जातो, यावर ती भेट कसली हे ठरते.

एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. खाण कायदा, १९५२ च्या कलम ४६ ने स्त्रीला जमिनीखाली नोकरीला ठेवण्यास मनाई होती. ती शिथिल झाली २०१९ च्या सुरुवातीला. बंदी नोकरीवर होती, भेटीवर नव्हती. म्हणजे मधली दोन-अडीच वर्षे कायद्याच्या नजरेतून बाई सावनेरला पर्यटक म्हणून खाली उतरू शकत होती, मजुरीसाठी नाही. पट्ट्यातल्या कितीतरी बायकांनी नवरा रोज जिथे जातो ती जागा आयुष्यात पाहिलेली नाही, आणि खाणकामगारांच्या कुटुंबांना ती दाखवणे हा पर्यटनाचा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत मोलाचा उपयोग ठरेल.

खाणीतल्या पाण्याचाही कायापालट झाला. पाटणसावंगी खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून वेकोलिने २०१८ मध्ये ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत विकायला काढले. उघड्या खदानीतल्या मातीच्या ढिगाऱ्यातून वाळू वेगळी करून घरबांधणीला देण्याचा प्रयोगही याच काळातला. दोन्ही कामे उपयोगाची आहेत आणि कंपनीने ती अभिमानाने मांडावीत यात गैर काही नाही. मात्र पाण्याची बाटली हाती घेतलेल्या पाहुण्याला हेच पाणी १९७५ मध्ये काही किलोमीटरवर काय करून गेले हे कोणी सांगितले, तर त्याची चव बिघडणार नाही. उलट पंपाचा तो अखंड आवाज त्याला कळेल.

जगात बंद खाणी पाहायला देण्याचा अनुभव मोठा आहे, आणि तो एकसुरी नाही. वेल्समधील ब्लेनाव्हॉनची बिग पिट खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये पाहुण्यांसाठी उघडली. पाहुण्यांना सुमारे ९० मीटर खाली नेणारे मार्गदर्शक म्हणजे पूर्वीचे खाणकामगार. त्यांना पगार मिळतो, आणि गोष्ट कामगाराच्या तोंडून येते. या दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या म्हणून बिग पिटचे नाव घेतले जाते. २००० मध्ये तो सारा परिसर जागतिक वारसा ठरला. बेल्जियममधील मार्सिनेलच्या बोआ द्यु काझिए खाणीत ८ ऑगस्ट १९५६ रोजी आगीत २६२ माणसे मेली; त्यातली १३६ इटलीहून कामाला आलेली. ती खाण पाडून जागा विकायचे घाटत असताना मृतांच्या कुटुंबीयांनी आणि जुन्या कामगारांनी ती वाचवण्यासाठी जोर धरला. २००२ मध्ये तिथे संग्रहालय झाले, २०१२ मध्ये तेही वारसास्थळांत गेले. परप्रांतीय मजुरांचा मृत्यू मध्यभागी ठेवणारी ही जागा, छत्तीसगड-बिहारहून आलेल्यांनी उभ्या केलेल्या पट्ट्याला बिग पिटपेक्षाही जवळची आहे.

अ‍ॅबरफॅनचा धडा निराळा. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्सच्या या गावावर खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून १४४ जण मेले, त्यात ११६ मुले. पाहुण्यांच्या गाड्या लगेच यायला लागल्या आणि गावाला त्या नको होत्या. जगभरातून आलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून उरलेले ढिगारे हलवायला लावले गेले, म्हणजे खाण चालवणाऱ्या सरकारी मंडळाच्या चुकीची किंमत गावाने आपल्याच शोकाच्या पैशातून दिली. ती रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, व्याजाशिवाय. व्याजासकट न्याय व्हायला आणखी दहा वर्षे लागली. शोकस्थळ गावाला लाभदायक होते असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण वगळू नये. बघे येणे आणि गावाचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; मधला दुवा म्हणजे पैसा आणि सांगण्याचा अधिकार कोणाकडे राहतो.

महाराष्ट्रात या दिशेने सरकारने उचललेले सर्वांत थेट पाऊल म्हणजे कारागृह पर्यटन. २६ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ते सुरू झाले. तिथे सांगायला स्वातंत्र्यलढा आहे; गांधी, टिळक, चापेकर ही नावे आहेत, त्यामुळे शोकाला आपोआप गौरव मिळतो. कोळशाच्या मजुराला तो मिळत नाही. तो देशासाठी फाशी गेलेला नसतो, पाळीला गेलेला असतो. म्हणूनच औद्योगिक मृत्यूंची जागा महाराष्ट्राच्या पर्यटनाच्या नकाशावर उशिरा येते, आणि आली तरी ‘इको’सारख्या हलक्या नावाने येते.

सावनेर-खापरखेडा पट्ट्यात स्थानिकांना पर्यटनातून मिळू शकणारा लाभ मर्यादित आहे. नागपूर तासाभराच्या अंतरावर असल्याने पाहुणा सकाळी येतो आणि संध्याकाळी परततो. त्याला मुक्कामाची खोली लागत नाही. जेवण, चहा, गाडी आणि बागेतली काही कामे यांवर त्याचा खर्च संपतो. आदाशाच्या जत्रेत नारळ, हळद-कुंकू आणि खेळण्यांच्या दुकानांवर एका दिवसात जी उलाढाल होते तिच्याशी खदानीच्या भेटीची तुलना करू नये. तुलना करायची तर गोवारी स्मारकाशी करावी. सिल्लेवाड्याच्या दहा जणांची नावे, वसाहतीतल्या निवृत्त ओव्हरमन आणि खाण-सरदार अशा देखरेख करणाऱ्यांच्या तोंडचा १९७५ चा तपशील, जमीन गेलेल्या गावांचे जुने नकाशे हे एका ठिकाणी आले, तर ते पर्यटनाला पुरेसे साहित्य आहे आणि गावाला आपल्या मागण्या मांडायला पुरेसा पुरावाही. यासाठी वेगळी इमारत लागत नाही. खदानीत वाट दाखवणारा निवृत्त कामगार असला आणि त्याला त्याच्या पाळ्या, त्याचे सोबती आणि त्याचे अपघात सांगायची मोकळीक असली, तर सुरुवात होते. कंपनीला यात अडचण वाटणे स्वाभाविक आहे. स्वतःच्या खाणीतल्या मृत्यूची गोष्ट कोणतीही कंपनी हौसेने सांगत नाही. बिग पिटमध्ये ती सांगता आली याचे एक कारण हेही की तोवर कोळसा काढणे थांबले होते.

या पट्ट्यातही ती वेळ येणार आहे. कोळशाचे थर संपत जातात किंवा खोलवरचा कोळसा काढणे परवडेनासे होते. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि त्यासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. तेव्हाच्या दराने उघड्या खदानीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, भूमिगत खदानीसाठी हेक्टरी १ लाख. भूमिगत खदानीचा आकडा लहान आहे, कारण वर मोडलेले कमी दिसते. पण पाहुणे न्यायचे तर तीच महाग पडते. भूमिगत खदानीतले पंप थांबले की पाणी हळूहळू बोगद्यांत चढते, आणि एकदा बोगदे बुडाले की ते पुन्हा उपसून, छत तपासून माणसांसाठी सुरक्षित करणे जवळपास नवी खाण उघडण्याइतके खर्चाचे होते. म्हणून भूमिगत खदान पाहण्यासाठी राखायची की नाही, हे ती बंद होण्याआधीच ठरवावे लागते. पंप, पंखे आणि सुरक्षा-कर्मचारी यांचा पुढच्या वर्षांचा खर्च बंद करण्याच्या आराखड्यात घातला गेला तरच ते शक्य होते. तो खर्च वेकोलिने, पर्यटन महामंडळाने की जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतून उचलायचा, आणि त्या बैठकीत सिल्लेवाडा, वलनी, खापरखेड्याच्या ग्रामपंचायती बसतात की नाही, यावर खाली पाहुणे जाणार की पाणी राहणार हे ठरते.